अर्नोकाठची कोल्हापूरची छत्री
(वार्षिक स्नेहसंमेलनातील विद्यार्थी-गौरव समारंभात केलेले भाषण)



आमची पुतणी इटलीत बोलोन्याच्या विद्यापीठात शिकत आहे. हे विद्यापीठ १०८८ साली स्थापन झाले असे मानतात; म्हणजे ज्ञानेश्वरी लिहिली जाण्याच्या दोनशे वर्षे आधी. तिने मार्चमध्ये आम्हांस एक लांबलचक पत्र धाडले. ऱ्हस्वदीर्घाच्या सात चुका निघाल्या, त्या आम्ही तिला कळविल्या आहेत. परंतु पत्र आपणां सर्वांस सांगावे असे आहे.

सुटीच्या दिवशी ती व तिच्या चार मैत्रिणी सकाळच्या गाडीने फ्लॉरेन्सला गेल्या. सोबत चपात्या व शेंगदाण्याची चटणी होती. प्रथम दान्ते कवीचे म्हणून दाखवितात ते घर पाहिले. ते विसाव्या शतकात नव्याने बांधलेले आहे, त्यामुळे तिची थोडी निराशाच झाली. पुढे सान्ता क्रोचे या मंदिरात मायकेलअँजेलो व गॅलिलिओ यांची थडगी पाहिली. दान्तेचेही थडगे तेथे आहे, परंतु ते रिकामे! १३०२ साली फ्लॉरेन्सने ज्याला हद्दपार केले, तो १३२१ साली राव्हेन्नात वारला व तेथेच राहिला. दान्ते हा आपल्या ज्ञानेश्वर माउलींचा समकालीन. त्यानेही पंडितांची लॅटिन बाजूस सारून आपले महाकाव्य लोकभाषेत रचले. हे साम्य पुतणीने आपणहून लिहिले, याचे आम्हां शिक्षकास समाधान वाटले.

दुपारी मैत्रिणी बाजारात गेल्या आणि ही एकटी कास्चीने नावाच्या उद्यानातून चालत निघाली. उद्यान तीन किलोमीटरांहून लांब. त्याच्या पश्चिम टोकाला, मुन्योने ही लहान नदी अर्नोला मिळते त्या संगमाजवळ, आपल्या राजाराम महाराजांची छत्री आहे. महाराज १८७० साली इंग्लंडला गेले. तेथे जाणारे पहिले हिंदू संस्थानिक म्हणून त्यांची नोंद होते. प्रवासाची रोजनिशी ते इंग्रजीत लिहीत. ती कॅप्टन वेस्ट यांनी १८७२ साली लंडनमध्ये प्रसिद्ध केली. परतीच्या वाटेवर आजार बळावला आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये त्यांचे निधन झाले. वय अवघे वीस! शहराच्या परवानगीने या संगमावर रात्री दहनविधी झाला. १८७४ साली तेथे छत्री उभी राहिली. तिचा आराखडा मेजर मँट यांचा. आपला नवा राजवाडा ज्यांनी रेखिला तेच हे. आत फेटा बांधलेला महाराजांचा अर्धपुतळा आहे. जवळच्या पुलाला, तो १९७८ साली खुला झाला, लोक 'त्या हिंदी माणसाचा पूल' अशाच अर्थाच्या नावाने ओळखतात. आपले राजाराम कॉलेज ज्यांच्या नावाचे, ते हेच महाराज. कॉलेजात शिकलेल्या किती जणांना हे ठाऊक असेल?

दोन वर्षांपूर्वी या मुलीला आपल्या विद्यार्थी साहाय्य निधीतून कर्ज द्यावे की नाही, यावर याच सभागृहात खडाजंगी झाली होती. कित्येकांनी पैशाचा मुद्दा काढला. आमच्या वहिनींचा प्रश्न निराळा होता: परक्या मुलखात पोर आजारी पडली तर पाहणार कोण? त्याला तेव्हा कोणीच उत्तर दिले नाही, आम्हीही नाही. पुतणीने लिहिले आहे, "काका, छत्रीपाशी बसले आणि आईचा प्रश्न आठवला. महाराजांबरोबर तर माणसे होती, औषधे होती. तरी मी सुखरूप आहे असे आईला सांगा. मी उरलेली चपाती तिथेच बसून खाल्ली."

वहिनींनी पत्र दोनदा वाचले. काही बोलल्या नाहीत. रविवारच्या फोनवर त्यांचा पहिला प्रश्न अजूनही प्रकृतीचाच असतो, आणि तो तसाच असावा.

शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले व मागोमाग जातीजातींची वसतिगृहे या शहरात उभी राहिली. आपल्या वडीलधाऱ्यांनी आपले वसतिगृह बांधले ते त्याच वाटेने. खेड्यातून कोल्हापुरास येणे हेच त्या काळी परदेशगमन होते, आणि तेव्हाही आया दाराशी उभ्या राहून रडल्याच असतील.

यंदा निधीकडे परदेशी शिक्षणासाठी दोन अर्ज आले आहेत, दोन्ही मुलींचे. एकीची आई समोर तिसऱ्या रांगेत बसली आहे. चिटणीस आता ते अर्ज वाचून दाखवतील.