एका किल्लीची नोंद

(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



या मंगल प्रसंगी दोन शब्द बोलण्याची आपण मला आज्ञा केलीत. मी कापडाचा व्यापारी. पांडित्य माझ्यापाशी नाही. आयुष्य ठाण मोजण्यात आणि खातेवह्या लिहिण्यात गेले. म्हणून हिशेबातील एका चुकीविषयीच बोलतो. ती चूक माझी स्वतःची आहे.

आमच्या दुकानाच्या तिजोरीत वीतभर लांबीची एक लोखंडी किल्ली असे. दरवर्षी वहीपूजनाच्या दिवशी तीर्थरूप वडील ती नव्या वह्यांशेजारी ठेवीत, तिलाही कुंकू लावीत. का, हे मी कधी विचारले नाही. वडिलांच्या पश्चात ती घरातील वा वखारीतील कोणत्याही कुलपास लागेना. हकिगत ठाऊक असलेल्या एकट्या आत्याबाई उरल्या होत्या. त्यांनी निरोप पाठविला, "ये, सांगते." लग्नसराईचे दिवस होते. मी म्हणालो, "हंगाम उरकला की येतो." हंगाम उरकला, तेव्हा आत्याबाई नव्हत्या.

पुढे ती किल्ली मी एका संग्रहालयास दिली. तेथील अधिकाऱ्यांनी नोंदवही उघडून विचारले, "शेठजी, ही कोणत्या गावची? कोणत्या वास्तूची? आपल्याकडे केव्हा आली?" तिन्ही प्रश्नांना मी निरुत्तर झालो. आज ती काचेआड आहे. खाली चिठ्ठी आहे : 'लोखंडी किल्ली. मूळ स्थान अज्ञात.'

त्या सद्गृहस्थांनी मला किल्ली वाचावयास शिकविले. दांडा पोकळ असल्यास ती कुलपातील खुंटीवर बसते आणि एकाच बाजूने चालते. दांडा भरीव असल्यास दाराच्या आतून-बाहेरून, दोन्हीकडून चालू शकते. आमची किल्ली भरीव. म्हणजे बहुधा पेटीची नव्हे, दाराची. दातांमधील खाचा कुलपातील अडसर चुकविण्यासाठी असतात. गंजाखाली झाकलेला आकार क्ष-किरणांनी दिसू शकतो. परंतु ते दार कोणाचे, हे लोखंड सांगत नाही. ते माणसालाच सांगावे लागते.

याउलट उदाहरण पाहा. अमेरिकेत माउंट व्हर्नन येथे जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या निवासस्थानी अशीच एक लोखंडी किल्ली आहे. ती पॅरिसमधील बॅस्टिल तुरुंगाची. १४ जुलै १७८९ रोजी जनतेने तो तुरुंग सर केला. १७ मार्च १७९० रोजी लाफायेत यांनी पत्र लिहून ती किल्ली वॉशिंग्टन यांना भेट दिली. थॉमस पेन यांच्यामार्फत ती रवाना झाली आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टन यांनी आभाराचे उत्तर लिहिले. त्या कागदांमुळे सव्वादोनशेहून अधिक वर्षांनंतरही तिची ओळख शाबूत आहे. धातू तोच, अंतर आहे ते केवळ एका नोंदीचे.

बंधूंनो, ज्या रकमेचा ठावठिकाणा लागत नाही, ती आपण उचंत खात्यात टाकतो आणि वर्षअखेरीपूर्वी तिचा उलगडा करतो. मी आयुष्यभर पै-पैचा मेळ घातला. परंतु वडील ज्या वस्तूला कुंकू लावीत, ती मात्र कायमची उचंत खात्यात राहिली. आता तो उलगडा करणारे कोणी उरले नाही.

म्हणून माझी एवढीच नम्र विनंती आहे. आज घरी गेल्यावर घरातील वडीलधाऱ्या माणसाजवळ बसा. एखादी जुनी वस्तू पुढे ठेवून विचारा : ही कोणाची, कोठून आली, केव्हा आली? उत्तर कागदावर लिहा, खाली तारीख व सांगणाऱ्याचे नाव घाला आणि तो कागद त्या वस्तूलाच बांधून ठेवा. हंगाम उरकण्याची वाट पाहू नका.

बोलण्यात काही अधिक-उणे झाले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र.