कच्चे पान आणि ओळखीचे पाणी

(वर्धा जिल्ह्यातील ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व विस्तार कर्मचारी यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



परसबागेवर बोलण्यासाठी मला उभे करण्यात आले, तेव्हा मी संयोजकांना म्हटले की मी कला शाखेचा पदवीधर. शेतीचे शास्त्र मी माहिती खात्याच्या टिपणांतून आणि शेतकऱ्यांच्या बांधावर बसून शिकलो. त्यावर ते म्हणाले, "मग तुम्हीच बोला, जे स्वतः चुकत शिकले आहेत त्यांचेच लोक ऐकतात." तेव्हा चुकांसह बोलतो.

विषय अगदी लहान आहे. घरामागच्या वाडीत कच्ची खाता येतील अशी हिरवी पाने कशी पिकवावीत, एवढाच. परंतु या लहान विषयाच्या पोटात पाणी, सांडपाणी, शौचालय, फवारणी आणि घरातील स्त्रीचे कष्ट हे सारे मोठे विषय दडलेले आहेत.

वर्ध्याचा जुना प्रयोग

हा विषय वर्ध्याला नवा नाही. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालालजी बजाज यांनी आपली बागेची जागा त्यासाठी दिली, तिला मगनवाडी हे नाव मिळाले, आणि जे. सी. कुमारप्पा यांनी संघाचे काम हाती घेतले. गांधीजी सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, १९३६ साली राहावयास गेले. त्यापूर्वी त्यांचा मुक्काम मगनवाडीत होता. तेथे आहाराचे जे प्रयोग चालले, त्यांत हिरव्या पानांचा प्रयोग महत्त्वाचा होता.

१९३५ साली 'हरिजन'मध्ये त्यांनी या पानांविषयी लिहिले. त्याचा आशय असा की, आहारशास्त्राची नवी पुस्तके प्रत्येक जेवणात थोडी कच्ची पाने खाण्याची शिफारस करतात. खेड्यात ही पाने खुडण्याच्या श्रमाखेरीज फुकट मिळतात. तरीही खेडूत ती खात नाहीत. पण त्याच लेखात आणखी एक सूचना आहे, आणि ती आपण सहसा विसरतो. माती पूर्ण निघून जाईपर्यंत पाने पाच-सहा वेळा धुवावीत, असे त्यांनी बजावले आहे.

पान कच्चे खा, आणि ते स्वच्छ असल्याची खात्री करून खा, अशी ही जोडसूचना आहे. यातील पहिला अर्धा भाग आपण भाषणांतून सांगतो. आज मला दुसऱ्या अर्ध्या भागाविषयी बोलावयाचे आहे.

घरातील एक प्रसंग

काही वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या मुलीचे पोट वरचेवर दुखू लागले. भूक मंदावली, चेहरा फिका पडला. डॉक्टरांनी तपासून जंत असल्याचे सांगितले आणि विचारले, "कच्ची भाजी कोठली खाता?" आम्ही अभिमानाने सांगितले की रोज ताजी मेथी, मुळ्याची पाने, सांबार जेवणात असतो. ती भाजी नाल्याच्या काठी पिकत होती, हे आम्हांला नंतर समजले. भाजीवाल्याचा त्यात दोष मी मानीत नाही. त्याला दुसरे पाणीच नव्हते. दोष आमचा होता. पानाचा ताजेपणा आम्ही पाहिला, त्याचे पाणी विचारले नाही.

शिजविलेल्या भाजीला विस्तवाचे संरक्षण असते. कच्च्या पानाला ते नसते. मैल्याने दूषित झालेल्या मातीत गोलकृमीची अंडी महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे तग धरतात आणि पानांना चिकटून पोटात जातात. मिठाच्या पाण्यात बुडविले की सारे मरते, ही समजूत खरी नाही. जुडी सोडून, एकेक पान सुटे करून स्वच्छ पाण्यात चोळून धुणे हाच भरवशाचा मार्ग. म्हणून मी असे म्हणतो की कच्चे खावयाचे पान शक्यतो आपल्याच वाडीतले असावे. कारण त्याला दिलेले पाणी आपल्या ओळखीचे असते.

आपला स्वतःचा 'सलाद'

'सलाद' हा शब्द ऐकला की हॉटेलातील पांढरट कोबीसारखी पाने डोळ्यांपुढे येतात. पण आपल्या विदर्भात घोळाणा आहेच की! मेथी, करडईची कोवळी पाने, हरभऱ्याचे शेंडे किंवा मुळ्याचा कोवळा पाला बारीक चिरावा. कांदा, तिखट, मीठ, शेंगदाण्याचा कूट घालावा. वर थोडे तेल आणि लिंबू. आहारशास्त्र आज जे सांगते, ते या एका पदार्थात आले आहे. पानांतील 'अ' जीवनसत्त्वाचा पूर्वघटक अंगी लागण्यास थोडे तेल लागते, आणि पानांतील लोह शोषले जाण्यास लिंबातील 'क' जीवनसत्त्व मदत करते. जेवणाबरोबर चहा घेतला तर मात्र तेच लोह वाया जाते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाप्रमाणे महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक, सुमारे ५४ टक्के, स्त्रियांना रक्तक्षय आहे. हे ऐकून आपण लगेच म्हणतो, "पालक खा." परंतु १०० ग्रॅम पालकात लोह साधारण ३ मिलिग्रॅम, आणि त्यातलेही थोडेच शोषले जाते, प्रौढ स्त्रीची रोजची शिफारस २९ मिलिग्रॅमची आहे. तेव्हा परसबाग ही लोहाच्या गोळ्यांना पर्याय नव्हे. आशाताईंनी दिलेली गोळी घ्यायचीच. पानांतून फोलेट, 'क' जीवनसत्त्व, चोथा आणि 'अ' जीवनसत्त्वाचा पूर्वघटक मिळतो. तो लाभ मोठा आहे. राष्ट्रीय पोषण संस्था रोज १०० ग्रॅम हिरव्या पालेभाज्या खाव्यात असे सांगते. पाच माणसांच्या घरात ती अर्धा किलो होते. बाजाराच्या भावाने रोज अर्धा किलो भाजी मजुरी करणाऱ्या घराला परवडत नाही, वाडीतली परवडते.

कोणते पान कच्चे, कोणते शिजवून?

मेथी, सांबार, कांद्याची पात, पुदिना, कोवळी करडई, मुळ्याची कोवळी पाने, घोळ आणि चिवळ ही कच्ची चालतात. चवळाई, अंबाडी, तरोटा शिजवूनच घ्यावीत. अळू तर कधीही कच्चे खाऊ नये, घसा खाजतो. पालकात ऑक्झॅलेट पुष्कळ असते, म्हणून तोही शिजविलेला बरा. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांस विचारावे.

राहिले लेट्यूस. तेही आपल्याकडे येते, पण थंडीतच. माझी पहिली चूक हीच. मी मार्चमध्ये बी पेरले. निम्मे उगवलेच नाही. जे उगवले त्याचा मधला दांडा पंधरवड्यात सरळ वर गेला आणि पाने कडूजहर झाली. वर्ध्याचा पारा उन्हाळ्यात ४५ अंशांवर जातो. लेट्यूसला पंचविशीपलीकडची उष्णता सोसत नाही. दसऱ्यानंतर रोप टाकावे, महिनाभराचे झाले की फूटभर अंतरावर लावावे, आणि बाहेरची पाने खुडीत संक्रांतीपर्यंत, फार तर जानेवारीअखेरपर्यंत खावे. बी अगदी वरवर पेरावे. त्याला उगवताना उजेड लागतो. मात्र लेट्यूस मेथीपेक्षा श्रेष्ठ, असा समज करून घेऊ नये. ते चवीसाठी एक पान, इतकेच.

वाफ्याची रीत

आपली काळी जमीन भारी. पाणी धरते आणि मुळे कुजविते. म्हणून एक मीटर रुंद, दोन मीटर लांब, वीतभर उंच असे गादीवाफे करावेत. रुंदी यापेक्षा जास्त नको. दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे. शेणखत पूर्ण कुजलेले, मातीसारखा वास येणारेच घालावे. ओले शेण कच्च्या पानांच्या वाफ्यात कदापि नको.

सारे वाफे एकाच दिवशी पेरणे ही दुसरी चूक. त्यामुळे एका आठवड्यात भाजी वाटावी लागते आणि पुढे महिनाभर वाडी रिकामी. दर दहा-बारा दिवसांनी एक वाफा पेरावा. मेथी महिन्याभरात हाती येते. सांबाराचे धणे हलके रगडून, दोन फाके करून, रात्रभर भिजवून पेरावेत. त्याला सहा आठवडे लागतात. पालक एकदा पेरला की जमिनीपासून दोन बोटे ठेवून कापावा, पुन्हा फुटतो. उन्हाळ्यात कच्च्या पानांचा हट्ट सोडून चवळाई लावावी, आणि कुंपणाला मुंगन्याचे एक झाड असावे. ते बारा महिने पाला देते.

पाणी किती? हिवाळ्यात अशा एका वाफ्याला रोज सुमारे १० लिटर, म्हणजे एक बादली पुरते. येथेच खरा प्रश्न आहे. न्हाणीचे साबणाचे पाणी मुंगना, केळी, पपई यांच्या बुडाशी खुशाल सोडावे. परंतु कच्च्या पानांवर नको. त्यांना तांदूळ-डाळ धुतल्याचे, घागरी विसळल्याचे किंवा नळाचे स्वच्छ पाणी द्यावे, तेही मुळाशी.

आणखी एक इशारा. आपला जिल्हा कापसाचा. घरात कपाशीच्या औषधाची उरलेली बाटली असते, आणि मेथीवर मावा दिसला की हात त्या बाटलीकडे जातो. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. ज्या औषधाने फवारणारा माणूस दगावतो, ते जेवणाच्या पानावर कसे चालेल? मावा पडलेली पाने खुडून टाका, वाफा उपटा, दुसरा पेरा. बियाणे आणि सल्ला यांसाठी सेलसुऱ्याचे कृषी विज्ञान केंद्र आपल्या जिल्ह्यातच आहे.

पंचायतीचे काम, शाळेचे काम

सरपंचहो, परसबाग हे घराचे काम खरे. पण तिचे यश आपल्या हाती आहे. जलजीवन मिशनचे माप माणशी रोज ५५ लिटरचे. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर. त्यातून दोन-तीन बादल्या वाडीला देणे कठीण नाही. पण नळाला पाणी दिवसाआड आले, तर वाडीची बादली कोणाच्या डोक्यावरून येते? घरच्या बाईच्या. तिच्या डोक्यावर आणखी एक घागर ठेवून आपण तिला पोषणाचे धडे देऊ लागलो, तर ते धडे तिने ऐकू नयेत, हेच योग्य. तेव्हा ग्रामसभेत परसबागेचा ठराव मांडण्याआधी नळाच्या पाण्याचा हिशेब मांडावा. दुसरे असे की शौचालयाचा पाझर आणि न्हाणीची मोरी एकत्र होऊ देऊ नये. मोरीचे पाणी वेगळे राहिले, तरच ते झाडाला देता येते. आणि वाडीतले काम पुरुषांनीही करावे. झारी काही स्त्रियांसाठीच घडविलेली नाही.

शिक्षक मित्रांनो, ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात जी शिक्षण परिषद भरली, तिच्यातून नई तालीम उभी राहिली. हाताच्या कामातून शिकणे हे तिचे सूत्र. सेवाग्रामच्या त्या आवारात आज आनंद निकेतन ही शाळा चालते आणि शेतीकाम हा तेथील शिक्षणाचाच भाग आहे. आपल्या शाळेची परसबाग स्पर्धेच्या छायाचित्रापुरती न राहो. शालेय पोषण आहारात प्राथमिक वर्गातील मुलाला रोज ५० ग्रॅम भाजी धरलेली आहे. साठ मुलांना किती? तीन किलो. तीन किलोला किती वाफे? हे गणित मुलांनाच मांडू द्या, आणि वाफ्याला दिलेले पाणी कोठून आले हेही त्यांना वहीत लिहावयास लावा. जे मूल पानाचे पाणी विचारावयास शिकेल, ते पुढे गावाचे पाणीही विचारील.

माझी मुलगी आता बरी आहे. आमच्या वाडीत आज चार वाफे आहेत. मेथी खुडण्याचे काम तिचे, धुण्याचे माझे. धुताना ती मोजत असते; पाचाच्या आत थांबलो तर पाने परत पाण्यात टाकावयास लावते. गांधीजींचा तो लेख तिने वाचलेला नाही. मगनवाडीत नव्वद वर्षांपूर्वी दिलेली सूचना एका घरात पाळली जात आहे, एवढेच मला आपणांस सांगावयाचे होते. आपल्या गावातील दहा घरांत ती पाळली गेली, तर या मेळाव्याचे सार्थक झाले असे मी समजेन.