पुरीचा मुक्काम आणि पुरीची पंगत

रायपुराला समुद्र नाही. म्हणूनच की काय, समुद्राच्या गोष्टी तेथे फार होतात. मी राहतो त्या शंकरनगरात सरकारी नोकरांची वस्ती बरीच आहे. संध्याकाळच्या फेरफटक्यात बदली, बढती आणि रजा हे तीन विषय ओळीने येतात, आणि रजेचा विषय निघाला की कोणीतरी समुद्राचे नाव काढतोच. आम्हां मराठी मंडळींना प्रथम रत्नागिरी आठवते, मालवण आठवते. मग रजेचे दिवस आणि रेल्वेतील तास यांचा हिशेब होतो आणि आमची तोंडे आपोआप पूर्वेकडे वळतात. संध्याकाळी गाडीत बसावे, महासमुंद, टिटलागढ, संबळपूर ही स्टेशने निम्मी जागेपणी आणि निम्मी झोपेत मागे टाकावीत, आणि सकाळी पुरीस उतरावे. छत्तीसगढच्या माणसाचा समुद्र म्हणजे पुरीचा समुद्र.

तेव्हा पुरीस गेल्यावर उतरावे कोठे आणि जेवावे कोठे, याविषयी आज मी आपल्याशी बोलणार आहे. विषय लहान आहे. परंतु लहान विषयातही मोठी चूक करता येते, हे मी स्वानुभवाने सांगू शकतो.

दोन वर्षांपूर्वी मी माझ्या आईला घेऊन पुरीस गेलो. आईचे वय शहात्तर. तिचे सारे आयुष्य रायपुरातच, आधी तात्यापाऱ्यातील जुन्या वाड्यात आणि मागाहून आमच्याकडे, गेलेले. गुडघे दुखतात, पण व्रते दुखत नाहीत. एकादशी तिने कधी मोडली नाही आणि परक्या हातचे शिजलेले अन्न ती शक्यतो घेत नाही. प्रवासासाठी तिने दशम्यांचा आणि लाडवांचा डबा घेतला होता, आणि मी छायाचित्रे पाहून समुद्राकाठची एक खोली ठरविली होती. खिडकीतून समुद्र दिसेल असे त्या लोकांनी कळविले होते आणि ते अक्षरशः खरे होते. खोली तिसऱ्या मजल्यावर होती आणि पाळणा दुरुस्तीसाठी बंद होता. कागदपत्रे तपासण्यात माझी वीस वर्षे गेली. पण त्या छायाचित्रात जिना कोठेच नाही, ही गोष्ट काही माझ्या ध्यानात आली नाही. कसेबसे वर नेल्यावर आई दिवसभर खिडकीशी बसून राहिली. संध्याकाळी ती म्हणाली, "अरे, समुद्र चांगला आहे. पण हा मला भेटायला वर येणार नाही, आणि मी त्याला भेटायला खाली जाऊ शकत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही बिऱ्हाड हलविले. त्या निमित्ताने पुरीतील मुक्कामाच्या जागा मला हिंडून पाहाव्या लागल्या. त्यांचे ढोबळ मानाने तीन भाग पडतात. पहिला भाग स्वर्गद्वाराच्या बाजूचा. तेथे लॉजांची आणि हॉटेलांची रांगच आहे, बाजार आहे, रात्री उशिरापर्यंत माणसांचा पूर आहे. बंगाली प्रवासी पिढ्यान्‌पिढ्या तेथे उतरत आल्यामुळे माशाचे कालवण आणि भात तेथे उत्तम मिळतो. मात्र त्याच किनाऱ्यावर स्मशानही आहे, हे मन हळवे असलेल्यांनी आधीच जाणून असावे. दुसरा भाग चक्रतीर्थाच्या रस्त्याचा. तो त्या मानाने शांत आहे. बंगाल नागपूर रेल्वेचे जुने प्रशस्त हॉटेल याच बाजूला आहे. आपल्या नागपूरचे नाव समुद्रकाठच्या पाटीवर पाहून मौज वाटते. तिसरा भाग म्हणजे बडदांड, रथ ज्यावरून जातात तो महामार्ग. येथे जुन्या धर्मशाळा आहेत आणि मंदिर प्रशासनाची भक्तनिवासेही आहेत. समुद्र येथून दिसत नाही, परंतु म्हाताऱ्या माणसाला देवळापर्यंतचे अंतर कमी पडते.

यांतून निवड करताना आपल्यातील सर्वांत अशक्त माणसाचे पाय प्रमाण मानावेत. मग खोली तळमजल्यावर आहे का, पाळणा आज चालू आहे का आणि खोली कोणत्या वेळी सोडावी लागते, एवढे तीन प्रश्न विचारावेत. पुरीत अनेक ठिकाणी खोली सोडण्याची वेळ फार लवकरची असते. देवळाभोवतीचा परिसर मोकळा करून २०२४ च्या जानेवारीत नवा परिक्रमा मार्ग खुला झाला, तेव्हा वाहन अगदी दारापर्यंत जाईल असे गृहीत धरू नये. समुद्रस्नान करावयाचे असेल तर नोलियांना सोबत घ्यावे. निमुळत्या टोप्या घातलेले हे किनाऱ्यावरचे कोळी तेथील लाटांचे स्वभाव जाणतात, आणि पुरीची लाट दिसते तितकी भोळी नाही.

आम्ही बडदांडावर तळमजल्याची एक साधी खोली घेतली. ती साधी खोलीदेखील किती लोकांच्या हालअपेष्टांतून आपल्यापर्यंत आली आहे, याचा विचार सहसा आपल्या मनात येत नाही. १७५१ पासून १८०३ पर्यंत ओडिशावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. देवळाच्या सिंहद्वारासमोरचा सुंदर अरुणस्तंभ कोणार्कहून आणून तेथे उभा केला तो त्या मराठी अमदानीतच. त्या काळी आणि त्यानंतरही कितीतरी वर्षे यात्रेकरू महिनेन्‌महिने पायी चालून येत आणि पुरीत पोहोचल्यावर खिडक्या नसलेल्या कोंदट खोल्यांत दाटीवाटीने पडून राहत. पटकीची साथ आली म्हणजे त्या खोल्याच मृत्यूच्या कोठड्या होत. हंटरसाहेबांनी ओडिशावरील आपल्या १८७२ च्या ग्रंथात या यात्रिगृहांचे जे वर्णन केले आहे ते वाचवत नाही. १८७१ मध्ये खास पुरीसाठी यात्रिगृहांचा कायदा झाला. घरमालकाने परवाना घ्यावा आणि त्या घरात किती माणसे ठेवावयाची तो आकडा परवान्यात नमूद असावा, असा त्याचा रोख होता. १८९७ मध्ये पुरीस रेल्वे आली आणि पायपीटही संपली. नियम, परवाने, तपासणी हे शब्द लोकांना रुक्ष वाटतात. माझी तर त्यांतच हयात चालली आहे. परंतु एका खोलीत किती माणसे निजावीत हा आकडा कोणीतरी कागदावर लिहिला म्हणून कित्येक माणसे आपापल्या गावी जिवंत परतली असतील, हे आठवले म्हणजे त्या रुक्षपणाविषयी मला आदर वाटू लागतो.

आता जेवणाकडे वळू. पुरीतील खानावळींत भाज्या घालून केलेली डाळ, म्हणजे डालमा, अवश्य खावी. छेना भाजून केलेले छेनापोड आणि पाकात घोळलेला पापुद्र्यांचा खाजा हेही चुकवू नये. परंतु पुरीचे खरे जेवण देवळाच्या आवारातील आनंदबाजारात मिळते. जगन्नाथाच्या स्वयंपाकघरात लाकडाच्या जाळावर, मातीच्या मडक्यांची उतरंड रचून अन्न शिजते. मडकी एकदाच वापरावयाची, मग फोडून टाकावयाची. कांदा-लसूण नाही हे समजण्यासारखे आहे. पण बटाटा, टोमॅटो, मिरची हे परदेशांतून आलेले पाहुणेही त्या चुलींपर्यंत पोहोचलेले नाहीत. जगन्नाथाचा नैवेद्य विमलादेवीलाही दाखविला म्हणजे तो महाप्रसाद होतो, आणि मग भात, डाळ, भाज्या, आंबट, खीर हे सारे बाजारात विक्रीस येते. दुपारच्या नैवेद्यानंतर जावे, भाव आधी ठरवून घ्यावा आणि जमिनीवर बसून खावे.

आम्ही तेथे गेलो तो दिवस नेमका एकादशीचा. दर्शनाच्या रांगेत उभे राहून आई थकून गेली होती. मी तिला आनंदबाजाराच्या एका कडेला बसविले आणि तिच्यासाठी केळी आणावयास निघालो. तेवढ्यात शेजारी बसलेल्या एका वृद्ध बाईने आईला हाक मारली. महासमुंदच्या पलीकडील एका खेड्यातील ते शेतकरी कुटुंब आमच्याच डब्यातून आले होते. रात्री गाडीत या दोघी बोलल्याही होत्या. मात्र आईने आपला डबा आपल्यापुरताच उघडला होता आणि तिने आपली शिदोरी आपल्यापुरतीच सोडली होती. आता त्या बाईच्या पुढ्यात केळीच्या पानावर भात आणि डाळ होती. तिने ते पान आईकडे सरकविले आणि म्हणाली, "खा ले बहिनी, इहां एकादशी नइ लगय."

पुरीत एकादशीला उलटी टांगून ठेवली आहे, अशी तेथील समजूत आहे. महाप्रसाद समोर आला म्हणजे उपास उरत नाही, आणि तेथे उष्टे म्हणूनही काही नसते. हे सारे मला पुस्तकावरून ठाऊक होते, आईला कीर्तनांवरून ठाऊक होते. परंतु ठाऊक असणे निराळे आणि दुसऱ्याच्या पानातला घास उचलणे निराळे. आई बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिली. मी मध्ये काही बोललो नाही. मग तिने पदर सावरला, हात जोडले आणि त्याच पानातून भात उचलला. दोघी एका पानावर जेवल्या. मी आणलेली केळी मीच खाल्ली.

श्रोतेहो, ही गोष्ट येथेच संपविली तर ती गोड वाटेल; पण ती पुरी होणार नाही. ज्या पंगतीत भेद नाही असे आपण अभिमानाने सांगतो, त्या पंगतीकडे जाणारे दार सर्वांना उघडे नव्हते. मंदिरात कोणकोणत्या जातींना प्रवेश नाही याची यादी इंग्रजी अमदानीच्या आरंभीच्या नियमांत नोंदलेली आहे. ते दार हरिजनांसाठी कायद्याने उघडले ते स्वातंत्र्यानंतर. १९५५ च्या मार्चमध्ये आपले विनोबा पुरीस गेले होते. बरोबर एक फ्रेंच भगिनी होती. तिला प्रवेश नाही असे कळताच विनोबाही दर्शन न घेता दारातून परत फिरले. हिंदूंखेरीज इतरांना तेथे आजही प्रवेश नाही. तेव्हा पंगत परंपरेने मांडली हे खरे, आणि कित्येकांना त्या पंगतीपर्यंत कायद्याने हात धरून न्यावे लागले हेही तितकेच खरे. सरकारी माणूस म्हणून मी एवढेच म्हणेन की, कायद्याला दार उघडता येते. एकाच्या पानातला घास दुसऱ्याच्या हाती देणे मात्र त्याला जमत नाही. ते त्या खेड्यातील बाईला जमले.

पुढचा भाग छत्तीसगढी आहे. आमच्याकडे दोन माणसे जगन्नाथाचा प्रसाद एकमेकांना देऊन मैत्री जोडतात. त्याला महापरसाद बदणे म्हणतात. अशी मैत्री रक्ताच्या नात्याइतकी मानतात आणि ती दोन माणसांपुरती न राहता दोन घरांची होते. त्यानंतर ती माणसे एकमेकांचे नाव घेत नाहीत. एकमेकांना 'महापरसाद' म्हणूनच हाक मारतात. पुरी सोडण्यापूर्वी त्या बाईने वाळलेल्या भाताचे, म्हणजे निर्माल्याचे, चार दाणे आईच्या तळहातावर ठेवले आणि चार दाणे आईकडून आपल्या हातावर घेतले. मला वाटले, यात्रेतले सौजन्य आहे, यात्रेबरोबर सरेल.

ते सरले नाही. मागील वर्षी त्या बाईला मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी रायपुरास यावे लागले. तिच्या मुलाने फोन करून, इस्पितळाजवळ एखादी स्वस्त धर्मशाळा आहे काय, असे मला विचारले. मी दोन-तीन नावे सांगू लागलो, तोच आईने माझ्या हातून फोन घेतला. "महापरसाद धर्मशाळेत उतरणार असेल तर मीही तिथेच येऊन राहते," एवढेच ती बोलली. ती बाई शंकरनगरात आमच्या घरी दहा दिवस राहिली. तळमजल्यावरची माझी खोली तिला दिली आणि मी माझ्या फायलींसह वर गेलो. ज्या स्वयंपाकघरात आम्हां मुलांनासुद्धा अंघोळीवाचून पाऊल टाकता येत नसे, तेथे आईच्या शेजारी एक जास्तीचा पाट मांडला गेला.

त्या दहा दिवसांत एकादशी आली. मला आनंदबाजार आठवत होता, म्हणून सकाळी मी सहज विचारले की आज दोघींचे जेवण कसे करावयाचे. आईने पाहुणीकडे पाहिले. डोळ्यावर हिरवी पट्टी बांधलेली ती बाई हसली आणि म्हणाली, "इहां तो लगथे, महापरसाद."

मग दोघींनी साबुदाण्याची खिचडी खाल्ली.