काम मागा, उपकार मागू नका



ज्या हाताला वर्षानुवर्षे काम मिळत नाही, तो हात हळूहळू दुसऱ्यापुढे पसरू लागतो. धम्मदीक्षा घेऊन ज्यांनी गावकीची हीन कामे टाकून दिली, त्यांनी तर ही गोष्ट विशेष ध्यानात ठेविली पाहिजे. गावाचा बहिष्कार कशाच्या बळावर चालतो? आपल्या रोजच्या मजुरीच्या बळावर. 1978 साली नामांतराच्या प्रश्नावरून मराठवाडा पेटला, तेव्हा नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे यांना प्राण गमवावे लागले. ज्याची चूल दुसऱ्याच्या शेतातील मजुरीवर पेटते, त्याने ताठ मानेने राहावे तरी किती दिवस?

या प्रश्नाला महाराष्ट्राने एक उत्तर दिले. श्री. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेली रोजगार हमी योजना 1972 च्या दुष्काळात राज्यभर पसरली. तिचा कायदा 1977 साली संमत होऊन 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. मागणी केल्यापासून 15 दिवसांत काम द्यावे, न दिल्यास बेकारी भत्ता द्यावा, असे बंधन त्याने सरकारवर घातले. पुढे 2005 साली देशानेही कुटुंबामागे वर्षाला 100 दिवसांच्या कामाचा कायदा केला.

या कामासाठी पैसा कोठून आला, हेही समजून घ्या. 1975 साली महाराष्ट्राने व्यवसाय कर बसविला. नोकरदार, वकील, डॉक्टर, व्यापारी यांनी तो भरावयाचा आणि सरकारने तितकीच भर घालून हमीचा निधी उभा करावयाचा, अशी ती रचना होती. म्हणजे या मजुरीत कोणा पाटलाची मेहेरबानी नव्हती. बांधावर खडी फोडणाऱ्या बाईचे नाव हजेरीपटावर चढले, ते तिची जात विचारून नव्हे, तिने काम मागितले म्हणून. राज्यघटनेच्या 41 व्या कलमाने कामाच्या हक्काचा जो उल्लेख केला आहे, त्याचा हा व्यवहारातील अर्थ होय.

परंतु ही हमी मुख्यतः खेड्यापुरतीच राहिली. नांदेडची उस्मानशाही गिरणी एके काळी शहराचे पोट होती. ती बंद पडली, तेव्हा मागावर आयुष्य घालविलेल्या कामगारासाठी अशी हमी नव्हती. त्याला माती उपसावयास लावणे हाही उपाय नव्हे. दीर्घकाळ बेकार राहिलेल्या माणसाला नवे कसब शिकवावे लागते, शिकत असता त्याचे घर चालवावे लागते आणि नंतर हाती थोडे भांडवल द्यावे लागते. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ 1978 साली स्थापन झाले, ते याच भांडवलाची उणीव भरून काढण्यासाठी. लातूरच्या डाळ गिरण्यांच्या बाजारात स्वतःचे लहानसे दुकान थाटू पाहणाऱ्या तरुणाने त्याचे दार ठोठावण्यात कमीपणा मानू नये.

आता आपले कर्तव्य सांगतो. कामाची मागणी तोंडी करू नका. अर्ज लिहा आणि त्यावर तारखेची पोच घ्या. पोच नसेल, तर मागणी केव्हा केली हे सिद्ध करता येत नाही. लिहिता येत नसेल, तर विहारात दर आठवड्याला एका शिकलेल्या मुलाने अर्ज लिहून देण्यास बसावे. एकट्याने जाऊ नका, वस्तीने मिळून जा. हक्क कायद्याच्या पुस्तकात असतो. तो मागणाऱ्याच्या पायांनीच घरापर्यंत चालत येतो.

जय भीम.