दगडावरील बखर

तापीकाठच्या बऱ्हाणपुरास जाणारा प्रवासी गांधी चौकातील जामा मशिदीचे दोन उंच मनोरे पाहतो आणि पुढे निघतो. परंतु या जुन्या पेठेचा इतिहास तेथेच दगडावर कोरलेला आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानी येते.

खानदेशचा फारुकी सुलतान राजा अलीखान याने ही मशीद बांधविली. आतील भिंतीवर अरबी लेखाबरोबर चक्क संस्कृत लेखही आहे. सृष्टिकर्त्याला वंदन, फारुकी घराण्याची वंशावळ, आणि अखेरीस संवत १६४६, शके १५११, हिजरी ९९७ अशी तिन्ही कालगणनांतील नोंद! जणू पेठेतील प्रत्येकास आपापल्या पंचांगाप्रमाणे ती वाचता यावी.

पुढे १६०१ मध्ये असीरगड पडला आणि फारुकी राज्य बुडाले. अकबराने आपल्या विजयाचा फारसी लेख याच मशिदीवर कोरविला. मात्र पराभूत घराण्याची वंशावळ तशीच राहिली. जेता आणि जित यांची अक्षरे आज चार शतकांनंतरही एकाच वास्तूवर नांदत आहेत.

गावोगावी चौकांत नवी शिल्पे, नवी भित्तिचित्रे उभी राहतात. ती उभारणाऱ्यांनी बऱ्हाणपूरचा हा धडा गिरवावा: आपले नाव अवश्य लिहावे, आधीचे मात्र पुसू नये.