खोकला कालचा असला तरी

घर फिरले की घराचे वासेही फिरतात, असे आपण म्हणतो. माणसाच्या शरीराचेही काहीसे असेच आहे. रोजच्या श्वासाबरोबर कितीतरी सूक्ष्म जंतू आपल्या छातीत जातात; काही तर वर्षानुवर्षे तिथेच मुक्काम ठोकून असतात. शरीराची राखण जागी असते तोवर त्यांची डाळ शिजत नाही. राखण ढिली पडली, की हेच जंतू डोके वर काढतात. म्हणून त्यांच्यापासून होणाऱ्या रोगांना संधिसाधू संसर्ग असे नाव पडले आहे.

एचआयव्ही हा विषाणू नेमका या राखणीवरच घाला घालतो. रक्तात सीडी-४ नावाच्या पेशी असतात. शत्रू दिसला की बाकीच्या पेशींना हाक घालायची, हे त्यांचे काम. निरोगी माणसाच्या एका घनमिलिमीटर रक्तात त्या साधारणपणे ५०० ते १५०० असतात. उपचार झाले नाहीत, तर वर्षागणिक त्या कमी होत जातात. आणि अशा वेळी फुप्फुसे वारंवार सापडतात, कारण श्वासाचा दरवाजा कधी बंद करता येत नाही.

एड्स जगाला प्रथम कळला तोही फुप्फुसाच्याच रोगावरून. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेतल्या एका सरकारी आरोग्य साप्ताहिकात लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांची हकिकत छापून आली. पूर्वी धडधाकट असलेल्या या तरुणांना न्यूमोसिस्टिस नावाचा दुर्मिळ न्यूमोनिया झाला होता, आणि त्यातले दोघे दगावले होते. हा जंतू म्हणजे एक बुरशी. लहानपणीच आपल्यापैकी बहुतेकांची तिच्याशी गाठ पडलेली असते, पण आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. सीडी-४ पेशी २०० च्या खाली गेल्या, की तिचे फावते. कोरडा खोकला, ताप, आणि जिना चढताना लागणारी धाप हळूहळू वाढत जाते. सुरुवातीला एक्स-रेसुद्धा साफ दिसू शकतो. मात्र को-ट्रायमोक्साझोल या स्वस्त गोळीने हा रोग टाळता येतो, आणि अधिक मात्रेत तीच गोळी त्यावर इलाजही करते.

आपल्या देशात मात्र मुख्य वैरी तो नव्हे. इथे पहिला मान क्षयाचा. जगातल्या सुमारे चौथ्या हिश्श्याच्या लोकांच्या शरीरात क्षयाचे जंतू शिरलेले आहेत, असा अंदाज आहे. त्यांतल्या बहुतेकांना आजार कधीच होत नाही. पण एचआयव्ही असलेल्या माणसाला हा धोका अनेक पटींनी अधिक. आणि क्षय पेशी २०० वर येण्याची वाट पाहत नाही. शिवाय तो वेष पालटून येतो. राखण दुबळी झाली, की थुंकीत जंतू कमी सापडतात आणि एक्स-रेवर नेहमीच्या खुणा दिसत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली काही नाही निघालं, म्हणून क्षय नाही, असे इथे म्हणता येत नाही. जंतूंची जनुके शोधणारी तपासणी अशा वेळी उपयोगी पडते.

आता मुद्द्याचे सांगतो. दोन आठवडे खोकला टिकला तर थुंकी तपासा, हा सल्ला आपण भिंतीवर वाचलेला असतो. एचआयव्हीसह जगणाऱ्याने मात्र दोन आठवडे मोजत बसायचे नाही. खोकला कालचा असला तरी तो डॉक्टरांना सांगायचा. ताप, घटणारे वजन, रात्रीचा घाम, यांपैकी काहीही असले तरी तेच. आणि यातले काही नसले, क्षय नाही अशी खात्री झाली, तर क्षय टाळण्याच्या गोळ्याही मिळतात. त्या आपणहून विचारून घ्याव्यात.

दुसरी गोष्ट लपवण्याची. क्षयाच्या दवाखान्यात एचआयव्हीचे नाव काढायचे नाही, चारचौघांत कळेल, अशी भीती वाटते. भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. पण क्षयावरचे रिफॅम्पिसिन हे औषध एचआयव्हीच्या काही औषधांचा जोर कमी करते. डोल्युटेग्रॅव्हिरची गोळी तर अशा वेळी दिवसातून दोनदा घ्यावी लागते. डॉक्टरांना एकच आजार सांगितला, तर एचआयव्हीची औषधे वाया जाण्याचा संभव. तेव्हा गावाला सांगू नका, पण डॉक्टरांना सांगा. तुमचे गुपित राखणे हे त्यांच्यावर २०१७ च्या कायद्यानेच बंधनकारक केले आहे.

२००४ पासून एचआयव्हीची औषधे आपल्याकडे सरकारी केंद्रांतून मोफत मिळू लागली. ती नेमाने घेतली, की सीडी-४ पेशी पुन्हा वाढू लागतात आणि संधिसाधूंची संधी हिरावली जाते. फिरलेले घर सावरता येते. त्याकरिता पहिला खोकला ऐकला पाहिजे, एवढेच.