जुन्या फायलींतील मराठी : झाडलोटीपूर्वी



दुबई, शारजा, अबुधाबी येथे वर्षानुवर्षे राहिलेल्या आपल्या कुटुंबांपैकी ज्यांनी जुनी भाषणे व आठवणी एचटीएमएल फायलींत जपल्या असतील, त्यांच्यासाठी हे निवेदन आहे. आज अशी फाईल उघडली की मराठीऐवजी रोमन चिन्हांचा गोंधळ दिसतो आणि मुले विचारतात, ही भाषा कोणती?

पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्री-लिपी’ असो वा सीडॅकचे जुने फाँट, त्यांत रोमन अक्षराच्या जागी मराठी आकार बसविलेला असे. फाँट नाहीसा झाला की मराठीही दिसेनाशी होई. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या युनिकोडने देवनागरी अक्षरांना स्वतंत्र क्रमांक दिले. त्याच वर्षी आलेल्या पायथन भाषेतील छोटी आज्ञावली आज शेकडो फायलींचे रूपांतर करू शकते. लिओनार्ड रिचर्डसन यांचे २००४ मधील ‘ब्यूटिफुल सूप’ हे साधन अर्धवट राहिलेल्या खुणाही सांभाळून घेते आणि पानाची रचना वृक्षासारखी उलगडून देते.

येथे आपले उत्साही तरुण घाई करतात. वर्डने पेरलेल्या निरुपयोगी खुणा पाहून ते सरसकट साऱ्याच खुणा पुसतात. परंतु ज्या ‘फाँट’ खुणेला आपण केर समजतो, तीच कोणता मजकूर मराठी आणि कोणता इंग्रजी याची साक्ष देत असते. ती आधीच पुसली, तर रूपांतरात इंग्रजी पत्त्याचेही अगम्य देवनागरी होते. म्हणून प्रथम रूपांतर, मग झाडलोट. अरबी मजकुराची उजवीकडून डावीकडे जाणारी दिशा सांगणारी खूणही राखावी. या देशातील कागदांत ती हमखास भेटते.

केवळ अक्षरास अक्षर बदलून भागत नाही. ‘मिलिंद’मधील पहिली वेलांटी जुन्या फाँटात ‘म’च्या आधी साठविलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. ‘धर्म’मधील रफाराचे नेमके उलट. हा क्रम आज्ञावलीला शिकवावा लागतो, आणि खरे कष्ट येथेच आहेत.

मूळ फाईलची प्रत मात्र वेगळी ठेवावी. जुनी फाईल यूटीएफ-८ समजून उघडली व तशीच जतन केली, तर न ओळखलेल्या चिन्हांच्या जागी प्रश्नचिन्हे बसतात. ती अक्षरे त्या फाईलमधून पुन्हा मिळत नाहीत.

रूपांतरित मजकूर तपासण्यास घरातील ज्येष्ठांना बसवावे. गावांची आणि माणसांची नावे चुकली, तर ती त्यांनाच ओळखता येतील.